तात्यांचे बैल धुतले

गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, हे मला निरगुडसरच्या तात्यांनी शिकवलं राव. त्यांच्या बैलगाड्याची जुनी निगेटिव्ह मी घोडेगावात माझ्या स्टुडिओत स्कॅन केली, तर बैल गुलाबी, माणसं गुलाबी, आभाळसुद्धा गुलाबी! एक्सपोजर बदलून पाहिलं, फरक नाही. म्हटलं, फिल्मच खराब झालीय. सगळी दुपार घालवून ती गुलाबी झाक काढली. बैल पांढरेशुभ्र झाले.

प्रिंट बघून तात्यांचा चेहराच पडला.

"गुलाल कुठंय?"

"कसला गुलाल?"

"आरं, शर्यतीत आमचा गाडा पयला आला व्हता! मिरवणुकीतला फोटू हाय ह्यो. आता भिंतीवर लावला तर लोक म्हनत्याल, हरून घरी चाललेत!"