अण्णांच्या मागे पाच फेऱ्या

तुम्ही हसाल, पण यातलं निम्मं तरी खरं आहे. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या शिरीषने नवी गाडी घेतली आणि आयुष्यात एकदा तरी ती रेसच्या ट्रॅकवर पूर्ण वेगात पळवायची, असा ध्यासच घेतला. आता जायचं कुणाबरोबर? ट्रॅक भाड्याने घेऊन हौशी लोकांना गाडी पळवू देणाऱ्या कंपनीबरोबर, की आपल्या कार क्लबबरोबर? मी म्हटलं, "कंपनीत सगळे अनोळखी. क्लबमध्ये आपली माणसं, घरचे डबे." तो फसला.

ट्रॅकवर सर्वांत पुढे क्लबचे अध्यक्ष अण्णा, वेग चाळीस. त्यांच्या मागे आम्ही आणि आमच्या मागे वरातीसारख्या दहा गाड्या. शिरीषच्या शेजारी बसून मी वैतागलो.

"अरे, घाल ना पुढे! द्वारकेच्या तुंबलेल्या चौकातसुद्धा आपण यापेक्षा जोरात जातो."

"अण्णांच्या पुढे? माझं लग्न जमवलंय त्यांनी!"

"मग हॉर्न तरी दे."

"अण्णांना हॉर्न? वेडा आहेस का?"

अशा पाच फेऱ्या झाल्या आणि वेळ संपली. अण्णा घाम पुसत उतरले नि थेट शिरीषवर घसरले. "काय रे, असं अंगावर येतात का? तुझ्या भीतीने जीव मुठीत धरून पळवत होतो मी!"

"चुकलं, अण्णा," म्हणत शिरीष त्यांच्या पाया पडला, आणि मग झाडामागे जाऊन त्याने कंपनीला फोन लावला. "फी, विमा, हेल्मेट सगळं नंतर सांगा हो. तुमच्याकडे नाशिकचं कुणी येत नाही ना, तेवढं आधी सांगा."