माझ्या नावाचा विंचू

कुणाच्या नावानं शाळा असते, कुणाच्या नावानं रस्ता. माझ्या नावाचा विंचू आहे, आणि तो माझा कसा झाला ते ऐका.

लोहाऱ्याजवळ आमच्या शेताच्या बांधावर, एका दगडाखाली, गावातल्या प्रज्ञाला विंचवाची नवी जात सापडली. पोरगी विंचवांवरच संशोधन करते. आपण शोधलेल्या जातीला आपलंच नाव देत नाहीत म्हणे. ती म्हणाली, "आजी, तुमचं देऊ का? आज ऑनलाइन नोंदवते. मग जगभर हेच नाव चालंल."

मी हो म्हणायच्या आत माझी धाकटी जाऊ सुंदरा पदर खोचून हजर. "बांध सामायिक हाय. दगड माझ्या शेताच्या अंगाला. इंचवाला दोघींची नावं लावायची, न्हायतर म्या हरकत घेते."

"घे की. तहसीलला जातीस का?"

प्रज्ञा हसू दाबत म्हणाली, "धाकट्या आजी, हा सातबारा न्हाय. इथं वारस लागत न्हाईत."

"मग दाब बटन," मी म्हणाले.

तिनं दाबलं. दोन शब्दांचं नाव, त्यातला दुसरा शब्द मी, भागीरथी. मला तर नाचावंसं वाटलं.

सुंदरा स्क्रीनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं माझं न्हाय लावलं. आता कुणाला इंचू चावला की लोक म्हणणार, भागीरथी चावली."

"व्हय," मी म्हणाले, "आजवर माझ्या पाठीमागं म्हणायचे. आता जगासमोर म्हणतील."