भंतेंच्या धाग्यातली वायर

...आणि वर मलाच म्हणतो, "तुला हँडल धरता येत नाही!" मला? अहो, तुम्हाला सांगते, हा माझा नवरा, सारुन, नवरदेव होऊन आमच्या घरी आला ना, तेव्हा सासूला मागे बसवून गुडघाभर चिखलातून मीच गाडी हाणली होती, ह्याच गाडीवर! आणि आता म्हणे हँडल! गाडी सरळ चालते, उजवीकडे वळते, पण डावीकडे वळलं की बंद! दिवा गेला, हॉर्न गेला, इंजिन ठप्प! आणि आमच्या कांपोंग छनांगचा बाजार कुठे? डावीकडे!

बरं, माझा धंदा कसला? तांदळाच्या शेवया नि माशाचा रस्सा. लोक न्याहारीला खातात. ऊन चढलं की शेवया आंबल्या, मग कुत्रं विचारत नाही. मी वळणावर किका मारून घामाघूम, आणि तिकडे बाजारात ती शेजारची शेवयावाली बोफा माझ्याच गिऱ्हाइकांना हाका मारतेय, "या काका, ताईंची गाडी रुसलीय, आज माझ्याकडे बसा!" बसले की हो! जे बसले ते परत उठलेच नाहीत...

गाडी नेली खेंग मेकॅनिककडे. "मावशी, बॅटरी गेलीय." बदलली. डावीकडे वळलं की बंद! "मग फ्यूज असेल." बदलला. बंद! "प्लग बघू." अरे मुडद्या, प्लगला डावं-उजवं कळतं का? तेव्हा कुठे त्याने हँडलखाली बोट घालून वायरींचा जुडगा हलवला... दिवा लागला. बोट काढलं... गेला. "सापडलं! वरून धड दिसतेय, आतून तार तुटलीय." मग जोड की बाबा! तर हा हात मागे घेऊन उभा. का? तर जुडग्यावर लाल धागा! आमच्या थोरल्या भंतेंनी गाडीला अपघात होऊ नये म्हणून मंत्र म्हणत, पाणी शिंपडून बांधलेला. बांधायचा होता हँडलला, आवळल्या गेल्या वायरीही. पण भंतेंना सांगणार कोण?

"बाहेरून दुसरी वायर टाक."

"सगळा जुडगाच झिजलाय, मावशी. धागा कापून आणा, मग मी बदलतो. माझी बायको पोटुशी आहे, मला नका ह्यात ओढू."

घरी आले तर सारुन म्हणतो, "तूच काप. तुझी जीभ तरी कुठे कात्रीपेक्षा कमी आहे?" घेतली हो कात्री! पण माझा बाजार उरकला की आमची लेक मालिस ह्याच गाडीवर शिवणकारखान्यात जाते, भरधाव ट्रकांच्या मधून. डोळ्यांपुढे नको ते आलं... जीभ चालते माझी, हात नाही चालला.

गाडी ढकलत विहारात गेले. थोरले भंते तर कधीच गेले, राखही उरली नाही. त्यांच्या जागी एक कोवळे भंते. केळी, उदबत्त्या पुढे ठेवल्या, म्हटलं, "भंते, एवढा धागा सोडा." तर म्हणाले, "गुरूंनी बांधलेलं मी कसं सोडू? पण जीर्ण झालाय खरा, काळजी करू नका." आणि काय केलं असेल? माझं तोंड उघडायच्या आत त्याच्यावरूनच नवा धागा! इकडून तिकडून ताणून, गच्च! बाईमाणसाने भंतेंना शिवायचं नसतं, नाहीतर मनगट धरलं असतं!

आता डावीकडे वळलं की बंद आणि उजवीकडे वळलं तरी बंद. गाडी दारात. मालिस ट्रकमध्ये गुरांसारखी उभ्याने जाते. मी खांद्यावर कावड घेऊन पायी निघते, पोचेस्तोवर बोफाची भांडी घासून झालेली असतात. उरलेल्या आंबट शेवया मग आम्हीच खातो, रोज. आणि सारुन घास गिळत मान डोलावतो, "बघ, नवा धागा बांधल्यापासून गाडीला साधा ओरखडा नाही!"