खिंडीतलं कुंकू

हॅलो?… हॅलो, आभा?… अगं आवाज तुटतोय, डोंगरात आहे मी… हो, तुझी विनिता वहिनीच!

आई? आई मजेत. आमच्या पुढे आहेत… हो, चालत!

अगं ओरडू नकोस, ऐक ना… रास अल खैमाच्या डोंगरातली खिंड. थंडी पडली की अर्धं शारजा इकडे चढायला येतं… बर्फ? छे गं! बर्फावर घसरायचं ते दुबईच्या मॉलमध्ये. इथे नुसता दगड नि ऊन.

नाही, कुणी ओढत नाही आणलं! अल नहदातल्या आमच्या घरी, अकराव्या मजल्यावर, तीन आठवडे खिडकीशी मुक्यानं बसून होत्या… माहितेय गं, म्हणूनच तू गुरुवारचं परतीचं तिकीट काढलंस. म्हटलं, जाण्याआधी गाडीतून निदान डोंगर तरी दाखवू. तर ह्या उतरल्या, पदर खोचला नि निघाल्या!

हो, हो… गुडघे आहेत माझ्या ध्यानात… अगं, पुढचं ऐक. वाट कळावी म्हणून लोक दगडावर दगड रचून ठेवतात ना? आईंना वाटलं, खिंडीतला देव! बाटलीतल्या पाण्यात कुंकू कालवलं, दिसेल त्या ढिगाऱ्याला बोट, नमस्कार, नि वर ओवी…

'खिंडीतल्या राया, तुझी उन्हात उघडी पाठ,
लेकरांच्या पायांखाली लोण्यावाणी कर वाट'

…हो ना, मलाही भरून आलं. तुझ्या दादाच्या ऑफिसातला नीरव आमचा वाटाड्या. घड्याळ बघत म्हणतो, 'यल्ला आजी, अजून किती देव?' आई म्हणाल्या, 'तुझी घाई संपेपर्यंत!'

आणि उतरताना हाच चुकला! मोबाइलचा नकाशा गेला, ढिगारे तर चहूकडे, खरी वाट कुठली?… ईशानी रडकुंडीला… 'मम्मा, आर वी लॉस्ट?'… माझ्याही तोंडचं पाणी पळालं. आई शांत. म्हणाल्या, 'माझं कुंकू शोधा.'… अगं, खरंच! एक लाल बोट, पुढे दुसरं लाल बोट… तस्सेच उतरलो. आता गाड्या दिसायला लागल्यात!

काय?… तिकिटाचं मी काय सांगणार? त्यांनाच विचारते… आई, आभा विचारतेय, गुरुवारी येताय ना?

…ऐकलंस? नाही?… अगं, म्हणतायत, 'रद्द कर म्हणावं. मी गेले तर ह्यांना वाट कोण दाखवील?'

हॅलो?… आभा?…

गेली रेंज. आई, अहो थांबा, किती भराभर उतरताय!