वारा, एसी आणि माझं एक वाक्य

...आणि वर सासूबाई मलाच म्हणतात, ‘सूनबाई, तू मोकळं बोलत का नाहीस गं?’ मोकळं! अहो, तुम्हाला सांगते, ज्या घराच्या छतात झडपा, त्या झडपा सताड उघड्या, आणि दारं म्हणाल तर भिंतीला हूक लावून अडकवलेली, चुकून मिटू नयेत म्हणून, त्या घरात आणखी किती मोकळं व्हायचं माणसानं? घर म्हणजे बोट. शिडाची. यॉट. पण यॉट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे ते पांढरे सोफे आणि उंच ग्लास आले असतील ना, ते आधी पुसून टाका. आमची यॉट म्हणजे पुढे एक खोली, मागे एक खोली, मध्ये ओटा, आणि उठून उभं राहिलं की डोक्याला टेंगूळ. सासऱ्यांनी जन्मभर लोकांच्या बोटींची शिडं शिवली, आणि एका गिऱ्हाइकाला नकोशी झालेली ही बोट म्हातारपणी हौसेनं घेतली. तर लग्नानंतर आठ दिवस फिरायला जायचं ते हिच्यावर, असं ठरलं. चौघांनी. हो, चौघांनी! मला कोणी विचारलं?

आता सासरे शिडंवाले, म्हणजे वाऱ्याच्या पक्षाचे. आणि आमचे हे? हे बोटींवर एसी बसवतात! धंदाच तो. म्हणजे बाप म्हणतो उघड, लेक म्हणतो लाव, आणि बाहेर ऊन असं की डेकवर अनवाणी पाय टाकला तर नाचतच परत यावं.

पहिले तीन दिवस वाऱ्याचं राज्य. सासऱ्यांनी स्वतः शिवलेली एक कापडी झोळी, ती पुढच्या झडपेवर उभी बांधायची, तोंड वाऱ्याकडे. ‘बघ सूनबाई, बोट नांगरावर असली की आपणहून वाऱ्याकडे तोंड करते. वारा पुढून आत शिरतो, तुमच्या खोलीतून थेट आमच्या खोलीत, आणि मागून बाहेर! म्हणून तर तुम्हाला पुढची खोली दिली. पहिला वारा तुमचा!’ मी म्हटलं, किती प्रेमळ माणूस! दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यात प्रकाश पडला. अहो, वारा काही रिकाम्या हातानं जातो का मागे? मी पुढे ह्यांच्या कानात पुटपुटले, ‘भाजीत मीठ जरा जास्तच होतं ना?’ आणि मागून, तीस फुटांवरून, सासूबाई: ‘उद्या कमी घालते हो!’ बरं, ते दोघं मागे माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ऐकू येतं? छे! वारा उलटा वाहतो थोडाच? सगळी जावक, आवक शून्य. दार लावावं म्हणून नुसता हुकाला हात लावला, तर सासरे: ‘दार लावलं की वारा मेला!’ जणू मीच मारला.

आणि मला तर एकच वाक्य बोलायचं होतं हो. एकच! काय झालं, लग्नाला होकार मी दिला तो आईला. आईनं मावशीला सांगितलं, मावशीनं सासूबाईंना, सासूबाईंनी ह्यांना. इतक्या हातांतून गेलेल्या होकारात माझं असं काय उरलं असणार? म्हणून मला ह्यांना एकदा समोरासमोर सांगायचं होतं, ‘मला तुम्ही आवडता.’ बास. पण ते ओट्यावरून फिरून सासऱ्यांच्या दाढीच्या साबणापर्यंत जाणार असेल, तर सांगू कशी?

म्हणून चौथ्या दिवशी ह्यांनी बंड केलं तेव्हा, खरं सांगते, मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. ‘बाबा, पुरे! माणसं उकडलीत तुमच्या वाऱ्यात!’ हे म्हणाले, झोळी काढली, झडपा आवळल्या, आणि... दार लावलं! लग्नानंतर पहिल्यांदा मिटलेलं दार बघत होते मी. डोळे भरून आले. एवढ्यात ह्यांनी जनरेटर सुरू केला.

तुम्ही कधी गिरणीत झोपलायत? जनरेटर दाराबाहेर, एसी गादीखाली. एक धडधडतोय, दुसरा घुमतोय, आणि वाजतायत दात आपले. गार मात्र मस्त वाटत होतं. मी हळूच म्हटलं, ‘अहो...’ हे म्हणाले, ‘काय?’ ‘मला तुम्ही...’ ‘मीठ?’ ‘मीठ नाही! मला!’ ‘सतरावर ठेवलाय! आणखी कमी करू?’ आता मला सांगा, किती वेळ गप्प बसायचं? मुळात मी गरीब, शाळेत हजेरीलासुद्धा बाईंना दोनदा नाव घ्यावं लागायचं. पण त्या दिवशी मी गादीवर गुडघे टेकले, छाती भरून श्वास घेतला आणि देठापासून ओरडले, ‘अहो, मला तुम्ही...’

आणि नेमक्या त्याच क्षणी सासूबाईंनी चहाची विजेची किटली लावली. जनरेटरला तेवढं कुठलं पेलायला? त्यानं एक उचकी दिली आणि गेला. एसी गेला. सगळं चिडीचूप. आणि त्या चिडीचूपमध्ये माझा एकटीचा आवाज: ‘...आवडता!’

कुठेतरी पाणी बोटीला चाटल्याचा आवाज आला. शेजारच्या बोटीवर जाळं धूत बसलेल्या कोळ्यानं खाकरून पाठ फिरवली. मग ओट्यापासून सासूबाई, हळूच: ‘मी फक्त चहा टाकत होते हो...’ आणि वरून, बंद झडपेच्या काचेला नाक लावून, सासरे: ‘बघा! झडपा लावूनसुद्धा कळलंच की नाही?’ आणि हे? कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. दार उघडून, खाली मान घालून जनरेटरच्या दोरीशी चाळा करत म्हणतात, ‘मलाही.’ एवढंच. पण थेट! मधे कोणी मावशी नाही!

संध्याकाळी डेकवर सभा. सासरे म्हणाले, ‘आता सूनबाई ठरवेल.’ हे म्हणाले, ‘हो, तिलाच ठरवू दे. वारा की एसी?’ तिघं माझ्याकडे बघतायत. तुम्हाला सांगते, उत्तर केव्हापासून घोटून पाठ होतं माझं: वाराही नको, एसीही नको, दाराला आतून एक कडी द्या! तोंड उघडलं... आणि बाहेर काय आलं?

‘मला काहीही चालेल.’

झालं! आता दोन्ही चालू आहे. एसी सतरावर, वर झडप उघडी, गार हवा सगळी समुद्राला, ऊन सगळं आम्हाला, आणि दार हुकावर. तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू? या वेळी मला विचारलं होतं.