डिस्कवरचा टिळा

आमच्या बेंगळुरात आयुधपूजेला सायकलीपासून लेथपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, मग कंप्युटर कसा सुटणार? साठच्या दशकातली गोष्ट. दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं आणि आमचा कपाटाएवढा कंप्युटर काही केल्या सुरू होईना. आमचे ऑफिसप्रमुख मूर्ती सरांनी डिस्कचं झाकण उघडलं, तर आत डिस्कवर लालभडक टिळा.

"हे कुणी केलं?"

"मीच, सर," आमचे मेकॅनिक कृष्णोजीअण्णा म्हणाले. "बाहेर लावलं तर आत कसं पोचणार? म्हणून स्वल्प आत लावलं."

मशीन सुरू करणारा प्रोग्राम नेमका त्याच जागी होता. वर्षभराची मोजमापं डिस्कवर शाबूत होती, पण मशीनच उठेना, तर ती वाचणार कोण?

"त्याची नक्कल आहे ना, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर," सर म्हणाले आणि कपाटाकडे गेले. पट्टी तिथे नव्हती. अण्णा दाराकडे बघत राहिले.

"सर, तोरणाला दोरा कमी पडला होता."

स्टुलावर चढून मी तोरणाच्या त्या पट्टीवरचं आंब्याचं एकेक पान सोडवलं. डिस्क पुसली, पट्टी मशीनला भरवली. ती खडखडत आत गेली आणि कंप्युटर सुरू झाला.

पुढच्या आयुधपूजेला सरांनी स्वतःच कुंकवाची वाटी मागितली. आता ती फेकणार, असं मला वाटलं. पण त्यांनी डिस्कच्या झाकणाला नवंकोरं कुलूप घातलं, कुलपाला टिळा लावला, हात जोडले आणि किल्ली खिशात टाकली.