खिडकीजवळची खुर्ची

आई: शांतपणे सांगते सर, नंतर म्हणू नका की बाई आरडाओरडा करते. मी हात टेकले. हा बघा हात. पट्टी सोडून दाखवू?

सर: नको, ताई. केंद्रात शिकवत होतो, कळलं तसा निघालो. खूप लागलंय?

आई: पोटच्या पोरानं चावलं म्हणजे लागतंच. आणि पोर कसलं, दाराएवढा झालाय. बसा ना. तिथे नको, ती डुगडुगते. ही घ्या, खिडकीजवळची. चहा घ्या. थोरल्या लेकीचा फोन येईल आता. तिनं वसतिगृह बघून ठेवलंय, आमच्या शेठसारख्या मुलांचं. उद्या गाडी येते म्हणाली. मी फक्त हो म्हणायचंय.

सर: तुम्हाला काय वाटतं?

आई: मला झोप हवीय असं वाटतं.

सर: चावला त्याच्या आधी काय झालं होतं?

आई: दर वेळी हेच विचारता. काही झालं नव्हतं. मी मिक्सर लावला होता, तो आला आणि चावला.

सर: आला आणि लगेच?

आई: लगेच म्हणजे... आधी खांद्यावर थोपटलं. तुम्हीच शिकवलंय ना, बोलता येत नाही तर काही हवं असलं की थोपटायचं. मी म्हटलं, थांब, होतच आलंय. पुन्हा थोपटलं. मग कानांवर हात ठेवून उभा राहिला. मी म्हटलं, शेठ, दम धरा जरा. तेव्हा चावला.

सर: मग तुम्ही काय केलंत?

आई: काय करणार? मिक्सर बंद केला आणि हात नळाखाली धरला.

सर: म्हणजे थोपटून मिक्सर बंद झाला नाही. चावल्यावर झाला.

आई: म्हणजे मीच शिकवलं त्याला चावायला. बोला की स्पष्ट.

सर: तसं नाही म्हणत मी.

आई: तसंच म्हणताय. संध्याकाळी तुम्ही घरी जाता, सर. मी घरीच असते, म्हणजे कायम कामावर. हातातलं काम करू, की हा कधी थोपटतोय त्याची वाट बघत बसू? ज्याचं जळतं त्याला कळतं.

सर: खरंय. पण असं बघा, ओरडला, चावला, की घरभर धावपळ. शांतपणे मागितलं, की 'थांब'. मग शांतपणे मागायचं कशाला, असं तुम्हाआम्हाला तरी... हो हो, शेठ, आलात? एक मिनिट हं, आईशी बोलतोय.

आई: सर, तो...

सर: थांबा ताई, एवढं पुरं करतो. शिक्षेनं हे जात नाही. थोपटल्यावर लगेच लक्ष दिलं, की चावायची गरजच... हो राजा, शहाणा ना तू, झालंच. गरजच उरत नाही. हवं ते देता आलं नाही, तरी निदान वळून बघायचं. हे घरातल्या सगळ्यांनी... शेठ, थांब ना बाबा, महत्त्वाचं बोलतोय. सगळ्यांनी पाळायला हवं.

(कप फुटल्याचा आवाज. खुर्ची मागे सरकते.)

सर: अरे, अरे.

आई: भाजलं का?

सर: नाही, गार झाला होता. पँट भिजली फक्त. बघा, बसला माझ्या जागेवर.

आई: तुमच्या नाही, त्याच्या. या वेळेला तो तिथेच बसतो, रस्त्यावरच्या गाड्या बघत. मीच तुम्हाला तिथे बसवलं, माझं डोकं ठिकाणावर नाही. आठवलं तेव्हा सांगणार होते, तर तुम्ही म्हणालात थांबा.

सर: त्यानं थोपटलं मला.

आई: थोपटलं की. तुम्ही शिकवलंत तसंच, हळूच. आणि तुम्ही उठलात कधी?

सर: कप फुटल्यावर.

आई: हं.

सर: चुकलं माझं, ताई. दुसऱ्यांना शिकवत फिरतो मी हे.

आई: राग आलाय मला तुमचा. आणि बरंही वाटतंय, सांगायला लाज वाटते. वाटायचं, मी एकटीच बहिरी आहे... मग तिथे वसतिगृहात कोण वळून बघणार याच्याकडे?

सर: माणसं चांगली असली तर बघतील. पण एवढ्या मुलांत, जो आवाज करेल त्याच्याकडे आधी.

आई: म्हणजे तिथेही याला कपच फोडावे लागणार. सरका, काचा भरते. पाय वर घे रे शेठ, लागेल... अगं बाई.

सर: काय झालं?

आई: काही नाही. त्यानं हात लावला पट्टीला. मी मागे घेतला, बघितलंत ना? स्वतःच्या पोराला भ्यायले मी.

सर: तो थोपटतोय, ताई. अजून थोपटतोय. तुमचा फोनही वाजतोय. थोरली असेल, उचला.

आई: वाजू दे. यानं आधी विचारलंय.